हनुवटीखालचा व्रण

लोणावळ्याच्या बाजारात महिपतीने उंच पाठीची खुर्ची आणि मोठा आरसा आणला, तेव्हापासून गावातली प्रतिष्ठित मंडळी ओसरीवर बसून हजामत करून घेईनाशी झाली. माधवराव कर्णिक शाळेत चित्रकला शिकवत, आणि चित्रकलेच्या मास्तराला कोणी प्रतिष्ठित म्हणत नाही. पण गेल्या कार्तिकापासून ते खुनाच्या खटल्यातले मुख्य साक्षीदार झाले होते, त्यामुळे त्यांचा नंबर आपोआप पुढे लागत असे. त्या दिवशीही बसलेलं गिऱ्हाईक उठवून महिपतीने त्यांना खुर्ची दिली. उद्या पुण्याला सेशन कोर्टात साक्ष होती. साक्षीदाराची दाढी गुळगुळीत असली की जज्जाचा विश्वास बसतो असं महिपतीचं मत होतं, आणि ते त्याने न विचारता दिलं.

कात्री चालली होती. माधवराव आरशात पाहत होते, म्हणजे आपण उद्या कसे दिसू ते पाहत होते. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं आपलं डोकं खाली, आणि त्याच्या बरोबर वर महिपतीचा चेहरा, घामेजलेला, खालचा ओठ दातांत धरलेला. एवढंच. रोज दहा माणसं त्या आरशात असंच पाहत असतील आणि उठून जात असतील. पण माधवरावांचा आत कुठेतरी तोल गेला, जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. खाली एक डोकं, वर एक घामेजलेला चेहरा, ओठ दातांत धरलेला. हे चित्र त्यांनी पाहिलं होतं. खालचं डोकं त्यांचं नव्हतं. त्या डोक्याचा मधोमध भांग पाडलेला होता, केस आजाराने विरळ झाले होते, आणि डोळे घट्ट मिटलेले होते. मग महिपतीने कात्री ठेवून साबण लावला, दोन बोटांनी त्यांचं कपाळ मागे दाबलं, आणि खालून वर पाहताना माधवरावांना महिपतीच्या नाकपुड्या, त्याची हनुवटी, आणि हनुवटीखालचा एरवी कधी कोणाला न दिसणारा मऊ, सुरकुतलेला भाग दिसला. महिपतीच्या हनुवटीखाली काही नव्हतं. पण ती जागा दिसली, आणि तिथे काय असायला हवं तेही दिसलं.

“हलू नका मास्तर, वस्तरा हाय,” महिपती म्हणाला.

माधवराव हलले नाहीत. आत जे हललं होतं ते महिपतीला दिसणं शक्य नव्हतं. तरी तो दाढी होईपर्यंत त्यांच्याकडे जरा जास्तच निरखून पाहतोय असं त्यांना वाटलं.

प्रकरण तसं सरळ होतं. मुंबईच्या एका शेटजींच्या बंगल्यावर रखमाजी नावाचा म्हातारा माळी होता. कार्तिकात एके दिवशी दिवेलागणीला कोणीतरी बंगल्यात शिरलं, चांदीची भांडी नेली आणि आड आलेल्या रखमाजीच्या डोक्यात पहार घातली. रखमाजी काही दिवस इस्पितळात घोरत पडला आणि एक शब्द न बोलता मेला. त्याच दिवेलागणीला माधवराव शिकवणी आटोपून स्टेशनवरचा लोखंडी पूल ओलांडत होते. पुलाखालून, रुळांच्या कडेने, घोंगडी पांघरलेला एक माणूस कुसगावच्या बाजूला पळत गेला. पळताना त्याने एकदा वर पाहिलं. बस. पाहणारं दुसरं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी फौजदारांनी विचारलं, कसा होता? माधवराव म्हणाले, उंच, काळासावळा, तिशीचा असेल. फौजदारांनी लेखणी खाली ठेवली. तसे मावळात सगळेच आहेत मास्तर, ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली ती माधवरावांना फार लागली. वर्गात एखाद्या पोराने हत्ती काढावा आणि तो डुकरासारखा दिसावा, तेव्हा मास्तर ज्या चेहऱ्याने पाहतो तो हा चेहरा. माधवरावांनी डोळे मिटले. आणि डोळ्यांपुढे खरोखरच एक चेहरा आला, स्वच्छ, घाम आलेला, ओठ दातांत धरलेला. त्यांनी तो समोर ठेवलेल्या नमुन्यासारखा वाचून दाखवला. भुवया अशा, नाक असं, आणि हनुवटीखाली जुना व्रण, आडवा, विळ्याचा असावा. लेखणी धावू लागली. फौजदार म्हणाले, याला म्हणतात चित्रकाराची नजर. हे वाक्य माधवरावांनी घरी बायकोला, चंद्रिकाबाईंना सांगितलं, शाळेत हेडमास्तरांना सांगितलं, आणि नंतर ते गावानेच त्यांना परत परत सांगितलं.

हनुवटीखाली व्रण असलेला माणूस शोधायला पोलिसांना आठवडाही लागला नाही. भाजे गावचा कोंडाजी. लहानपणी भात कापताना भावाचा विळा लागला होता. वडगावच्या कचेरीत ओळखपरेड झाली. व्रण झाकला जावा म्हणून कचेरीतल्या शिपायाने रांगेतल्या सगळ्यांच्याच हनुवटीखाली कागदाची चिठ्ठी खळीने डकवली होती. रांग अशी दिसत होती की जणू सगळे एकाच न्हाव्याकडे जाऊन आले आहेत आणि तो न्हावी दारू प्यालेला होता. माधवरावांना हसू आलं होतं. मग ते रांगेसमोरून चालू लागले. सगळे दगडासारखे समोर बघत उभे. एकाच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी हललं. डोळे किंचित मोठे झाले, उजवा हात कमरेपर्यंत वर आला आणि परत खाली गेला. माधवरावांनी त्याच्याकडे पाहिलं मात्र, त्यांच्या छातीत धस्स झालं. हाच. भीतीने त्यांच्या हातांना घाम सुटला. खुन्याला पाहून भीती वाटणारच, असा त्यांनी तेव्हा अर्थ लावला, आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

आता महिपतीच्या खुर्चीत तो हात परत आठवला. कमरेपर्यंत आलेला. तो हात रामराम घालायला निघाला होता.

दुकानातून बाहेर पडल्यावर माधवराव घराकडे न जाता स्टेशनकडे वळले. उन्हं कलली होती, फाल्गुनातली कोरडी हवा होती, आणि लोको शेडमधून कोळशाचा वास येत होता. चालता चालता ती टेकडी त्यांच्यापुढे उभी राहिली. चंद्रिकाबाई विषमज्वरातून उठल्या तेव्हा त्यांनी माहेरच्या कुलस्वामिनीला, कार्ल्याच्या एकवीरेला, नवस फेडायचा हट्ट धरला. चालवत नव्हतं. मळवली स्टेशनवर भाजे गावची माणसं उभी असत. भाताची कामं नसली की ती दोन बांबूंत खुर्ची बांधून आजाऱ्यांना आणि मुंबईच्या जाड माणसांना वर नेत. चौघांनी चंद्रिकाबाईंना उचललं. चढताना काही वाटलं नाही. उतरताना माधवराव पुढे होते. पायऱ्या कुठे तुटक्या, कुठे नुसता मुरूम. ते दर दोन पायऱ्यांना मागे वळून पाहत. वर पाहिलं की खुर्चीतलं ते विरळ केसांचं डोकं, आणि त्याच्या वर, पायऱ्यांमुळे आणखी उंच झालेला, मागच्या डोलीवाल्याचा चेहरा. हा घसरला तर. याचा पाय वाकडा पडला तर. पायाकडे बघून कळत नव्हतं, म्हणून ते चेहऱ्याकडे बघत राहिले. घसरण्याआधी माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी येत असेल, तेवढं आपल्याला कळावं म्हणून. खालून वर. नाकपुड्या, हनुवटी, हनुवटीखालचा आडवा व्रण आणि त्यावरून ओघळणारा घाम. पायथ्याशी खुर्ची टेकली तेव्हा त्यांनी चौघांना पैसे दिले आणि त्या माणसाकडे परत पाहिलंही नाही. माधवरावांनी उभ्या आयुष्यात मावळातल्या कुणा कष्टकरी माणसाच्या चेहऱ्याकडे इतका वेळ आणि इतक्या मनापासून पाहिलं असेल तर ते त्या एकदाच. आणि तेवढ्या पाहण्यावर तो माणूस आता फासावर जायला निघाला होता.

पण माधवराव सुशिक्षित होते, आणि सुशिक्षित माणसाला आपलं मन जितकं संशयास्पद वाटतं तितकं दुसऱ्याचं वाटत नाही. उद्या साक्ष, आणि आज नेमकं हे आठवावं? इतके दिवस ही डोली कुठे होती? एका माणसाला फाशी देण्याचा प्रसंग आला की भेकड मन पळवाटा शोधतं. ही तशीच शोधली नसेल कशावरून? ज्या मनाने एकदा गुपचूप एक चेहरा उचलून दुसऱ्याच्या धडावर बसवला, ते आता डोलीवाल्याच्या धडावर बसवत नसेल याची हमी काय? ते पुलावर जाऊन उभे राहिले. कठड्याचं लोखंड अजून तापलेलं होतं. खालून माणसं जात होती: पागोटी, पदर, टोप्या, डोक्यावरच्या पाट्या. पाट्यांत कोथिंबीर आहे हे दिसत होतं, ती कोणी घेतली आहे ते दिसत नव्हतं. चेहरेच दिसत नव्हते. पण त्याने वर पाहिलं होतं. एक अनोळखी माणूस गाठोडं घेऊन येत होता. माधवरावांनी वरून हाक मारली, अहो पाहुणे. त्याने मान वर केली. चेहरा ताटासारखा सपाट समोर आला: कपाळ, डोळे, नाक, ओठ, हनुवटीचं टोक. हनुवटीखालचं काही नाही. मान आणखी मागे टाकल्याशिवाय दिसणार नाही, आणि तेवढी टाकली तर पळणारा माणूस पाठीवर पडेल. हे तर त्यांनी तिसरीच्या वर्गालाही शिकवलं होतं: वरून घागरीचं तोंड दिसतं, बूड दिसत नाही. फौजदारांना ते सुचलं नव्हतं, वडगावच्या मॅजिस्ट्रेटला सुचलं नव्हतं, कोंडाजीच्या वकिलाला सुचलं नव्हतं, आणि शिकवणाऱ्याला चार महिने सुचलं नव्हतं. काय हाय, खालचा माणूस म्हणाला. माधवराव त्याच्या हनुवटीकडेच पाहत राहिले. त्याने गाठोडं छातीशी धरलं आणि मागे वळून वळून पाहत झपाझप निघून गेला.

आता त्यांनी खऱ्या माणसाला आठवायचा प्रयत्न केला, घोंगडीतल्या. घोंगडी आली, पळणं आलं, मान वर झाली, आणि घोंगडीत कोंडाजी होता. पुसला तरी कोंडाजी. त्या जागी आता दुसरं काही उरलंच नव्हतं. रखमाजीला मारणारा माणूस कोणीही असू शकत होता. तो आत्ताच गाठोडं घेऊन गेला असेल. माधवराव कठडा धरून खाली जाणाऱ्या प्रत्येक डोक्याकडे पाहू लागले, आणि प्रत्येक डोकं आपला चेहरा मुद्दाम लपवतंय असं त्यांना वाटलं.

मग इर्जिकीची आठवण झाली आणि त्यांना कानकोंडं झालं. वडगावला खटल्याची पहिली चौकशी झाली तेव्हा कोंडाजीने सांगितलं होतं की त्या दिवशी तो लोणावळ्यात नव्हताच. आंबीला बहिणीच्या शेतावर इर्जिक होती, भात झोडायला सगळी भावकी जमली होती, झोडणी झाली, जेवणं झाली, रात्रीचा मुक्कामही तिथेच. इर्जिक म्हणजे मजुरी नाही. आज तुझ्या शेतावर सगळ्यांनी राबायचं, उद्या माझ्या, आणि ज्याचं शेत त्याने जेवू घालायचं. कोंडाजीचा मेहुणा भिमाजी साक्षीला उभा राहिला. सरकारी वकिलाने त्याला विचारलं, मजुरीचा हिशेब आहे? इर्जिकीला मजुरी नसती. हजेरी? हजेरी कशाची, घरचीच मानसं. बरं, जेवायला किती पानं होती? यावर भिमाजीला राग आला. “जेवनाऱ्याची पानं मोजत न्हाईत साहेब,” तो म्हणाला. “आमच्यात तसली रीत न्हाई.” कचेरीत हशा पिकला, आणि माधवरावही हसले होते. भिमाजीनंतर आलेल्यांनी तेच सांगितलं तेव्हा सरकारी वकील म्हणाला, पढवून आणलेत. एकाने कालवण दुसरं सांगितलं तेव्हा म्हणाला, बघा, खोटं कसं उघडं पडतं. शेटजींच्या बागेत रोजावर काम केलं असतं तर मुकादमाने अंगठा घेतला असता आणि कोंडाजी सुटला असता. नातेवाइकाकडे फुकट राबला, हीच त्याची चूक.

घरी आले तर समोरच्या शाळेच्या भिंतीशी कोंडाजीची आई सरुबाई नेहमीसारखी बसली होती. खटला उभा राहिल्यापासून दर बाजारच्या दिवशी ती तिथे, त्यांच्या फाटकासमोर, येऊन बसत असे. मागत नसे, बोलत नसे, रडत नसे. नुसती बघायची. चंद्रिकाबाईंचं म्हणणं होतं की ती काहीतरी उतरवून टाकते. माधवरावांना वाटायचं ती शाप देते. आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की ती कदाचित ओळखू पाहत असेल, हा माणूस कोण, आणि याने आपल्या पोराला कुठे पाहिलं.

चंद्रिकाबाईंना त्यांनी आडून विचारलं. कार्ल्याला आपण गेलो होतो, ते डोलीवाले आठवतात का? मागचा? “मागे असतो त्याचा चेहरा दिसतो होय?” त्या म्हणाल्या. शिवाय उतरताना डोळे मिटून त्यांनी एकवीरा आईचं नाव घेतलं होतं, पायथ्यापर्यंत उघडले नव्हते. तुम्हीच सारखे मागे बघत होता. मग त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. “का? कोणी येऊन गेलं का?” नाही, माधवराव म्हणाले. चंद्रिकाबाईंनी मागच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे रखमाजीची बायको धोंडाबाई भांडी घासत होती. नवरा गेल्यावर चंद्रिकाबाईंनीच तिला कामावर ठेवली होती, आणि पुण्याच्या कोर्टात सगळं नीट होईल असं रोज थोडं थोडं सांगितलं होतं. “उद्या काय ते बोला,” चंद्रिकाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “पण हिला काय सांगायचं ते मात्र तुम्हीच येऊन सांगा.” भांड्यांचा आवाज थांबला होता. माधवरावांना वाटलं, ऐकते आहे.

सकाळच्या गाडीने ते पुण्याला गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलाला गाठून त्यांनी पूल, हनुवटी, डोली, सगळं सांगितलं. वकील अतिशय लक्षपूर्वक ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने चष्मा पुसला आणि विचारलं, “कोण भेटलं तुम्हाला?” कोणी नाही. आरशात दिसलं. “आरशात,” वकील म्हणाला, आणि त्याने तो शब्द जिभेवर जरा वेळ ठेवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला की मोठ्या साक्षीआधी भल्याभल्यांना असं होतं. तुम्ही फक्त विचारलं तेवढंच बोला, हनुवटी मी विचारतच नाही. थोडक्यात, व्रण विचारला गेला नाही तर तो नव्हता असं धरून चालायला हरकत नव्हती. माधवरावांना ती वाट क्षणभर बरी वाटली. विचारलं नाही तर आपण काय करणार. हे त्यांच्या मनात आलं, आणि आलं हे त्यांनी पाहिलं, आणि त्यांना आपलीच किळस आली.

कोर्टात भिंतीवर बादशहाची तसबीर होती, मेलेल्याची. नव्याची अजून यायची होती. ती उंचावर, पुढे झुकवून टांगलेली होती. माधवराव पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ झाली. पूल झाला, घोंगडी झाली. समोरच्या पिंजऱ्यात कोंडाजी उभा होता, दाढी वाढलेली, त्यामुळे व्रण आता कोणालाच दिसत नव्हता. तुम्ही पाहिलेला इसम इथे आहे का, वकिलाने विचारलं.

“सांगता येत नाही,” माधवराव म्हणाले. “मी व्रण सांगितला तो हनुवटीखाली आहे. मी पुलावर होतो. वरून हनुवटीखालचं दिसत नाही.”

आरोपीचा वकील कागद चाळत होता, तो थांबला. आपल्याला हे आधीच ठाऊक होतं असा चेहरा करायला त्याला थोडा वेळ लागला. जज्जांनी विचारलं, मग व्रण ठाऊक कसा? माधवरावांनी डोली सांगितली. बायकोचा आजार, पायऱ्या, घाम. भर कोर्टात हे सांगताना ते त्यांच्याच कानाला एखाद्या बनवाबनवीसारखं लागलं. जज्जांनी कोंडाजीला विचारायला सांगितलं: तू यांच्या मंडळींना कार्ल्याला डोलीतून नेलं होतंस काय?

कोंडाजीने आपल्या वकिलाकडे पाहिलं. मग माधवरावांकडे पाहिलं, फार वेळ, दार आतून लावून फटीतून पाहावं तसं.

“न्हाई साहेब,” तो म्हणाला. “म्या यास्नी कवा बघितलं बी न्हाई.”

मग सरकारी वकिलाने साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं आणि स्वतःच त्यांची उलटतपासणी सुरू केली. पत्नी डोलीवाल्याला ओळखतील? नाही, तिने डोळे मिटले होते. बाकीचे तिघे डोलीवाले कोण? त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. कुठला दिवस होता? चैत्रातला, तारीख लक्षात नाही. डोलीची पावती? डोलीची पावती नसते. तसली रीत नाही, असं माधवरावांच्या तोंडातून गेलं, आणि कोर्टात हशा पिकला. त्या हशात त्यांना भिमाजीचा आवाज ओळखू आला. फक्त तो त्यांच्या स्वतःच्या तोंडातून येत होता. बरोबर मागच्या बाकावर भिमाजी बसला होता. तो हसत नव्हता.

जज्जांना मत द्यायला बसवलेल्या असेसरांपैकी एक धान्याचा व्यापारी होता आणि तो बराच वेळ झोपला होता. त्यालाही उठवून विचारण्यात आलं. सगळ्यांचं मत पडलं की दुसरा पुरावाच नाही. जज्जांनी कोंडाजीला सोडलं. जाता जाता ते म्हणाले की हा साक्षीदार आधी खोटं बोलला की आत्ता, हे ठरवण्याची कोर्टाला गरज नाही. कधीतरी बोलला एवढं पुरे. व्हरांड्यात लोकांनी माधवरावांना वाट करून दिली, जरा जास्तच रुंद. रखमाजीला कोणी मारलं हा प्रश्न तिथेच कुठेतरी बाकाखाली राहून गेला.

परतीच्या गाडीत लोणावळ्याच्या पोस्टातले सोहोनी माधवरावांसमोर येऊन बसले. ते खास खटला ऐकायला रजा काढून आले होते. खटल्याविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फक्त मधूनमधून माधवरावांच्या कोटाच्या खिशांकडे पाहत होते. डब्याच्या दुसऱ्या टोकाला भाजेची आणि आंबीची मंडळी होती. तळेगावला भिमाजी आणि आंबीवाले उतरले, तेव्हा तिथे कोंडाजी आणि सरुबाई एवढेच उरले. सरुबाई इथेही माधवरावांकडेच बघत होती. पोरगा सुटला होता तरी बघणं सुटलं नव्हतं. माधवरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळच्या उन्हात कोरडी खाचरं आणि कापलेल्या भाताचे धस मागे जात होते. धोंडाबाईला काय सांगायचं याची वाक्यं त्यांनी जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्य उद्या महिपतीच्या दुकानात कसं ऐकू येईल तेही त्यांना ऐकू येत होतं. आणि त्याहून खोल, दुखऱ्या दातासारखं एक: तो नाही म्हणाला. त्याला खोटं बोलायचं कारण काय? मग डोलीमागे कोण होता? त्याच्या हनुवटीखाली व्रण तरी होता का? एक माणूस वाचला होता तो एका आठवणीवर, आणि ती आठवण खरी असल्याचा जगात एकही साक्षीदार नव्हता.

मळवली आलं. कोंडाजीने पागोटं नीट केलं, आईचं गाठोडं घेतलं. दाराकडे जाताना तो माधवरावांच्या बाकापाशी थबकला. खाली मान घालून, जणू गाठोड्याची गाठ बघतोय, असं हळूच म्हणाला,

“बाईस्नी बरं हाय न्हवं आता? लय भ्याल्या हुत्या. उतरूस्तवर डोळं उघडलं न्हाईत.”

माधवरावांनी आवाज खाली आणला. “मग कोर्टात नाही का म्हणालास?”

कोंडाजीने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, इतकं शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागावं याचं थोडं आश्चर्य होतं.

“वळख हाय म्हनलो की तुमी आनी कायतरी मागं लावाल, असं वाटलं. परेडीत बी म्या वळख दावाय गेलतो,” तो म्हणाला. “तुमी मला सोडवाय आलाय हे कुनाला म्हाईत?”

चल रं, सरुबाई पाठीमागून म्हणाली, बोलू नगंस, परत कायतरी ध्येनात ठेवतील. तिने त्याला दंडाला धरून खाली उतरवलं.

गाडी हलली. सोहोनी पुढे झुकले. त्यांचा आवाज एकदम खेळीमेळीचा झाला होता. “काय म्हणत होता? ओळख आहे वाटतं चांगली?”

माधवरावांनी खिडकीतून पाहिलं. फलाटावर खाली कोंडाजी आईच्या पुढे चालत होता. वरून नुसतं पागोटं दिसत होतं.

“छे,” ते म्हणाले. “चेहरा पाहिल्यासारखा वाटला, एवढंच.”